तिरळा डोळा आणि त्याची शस्त्रक्रिया

मूल तिरळे पाहू लागले की घरात दोन मते पडतात. एक मत असे, की हे भाग्याचे लक्षण आहे, त्याला हात लावू नये. दुसरे असे, की वय वाढेल तसे ते आपोआप जाईल. दोन्ही मतांचा शेवट एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे थांबण्यात. या विकारात थांबण्याइतके महाग दुसरे काही नाही, म्हणूनच आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम डोळा फिरतो कसा ते पाहू. प्रत्येक नेत्रगोलाला सहा स्नायू असतात. चार सरळ आणि दोन तिरपे. सरळ स्नायू खोबणीच्या तळाशी उगम पावून पुढे येतात आणि गोलाला वर, खाली, आत व बाहेर असे चिकटतात; घोड्याचे लगामच म्हणा ना. तिरप्यांपैकी वरचा स्नायू मात्र मोठा गमतीचा आहे. तोही मागूनच निघतो, पण नाकाच्या बाजूला असलेल्या एका छोट्या कप्पीतून वळसा घेऊन मग डोळ्याला येऊन मिळतो. विहिरीवरच्या कप्पीतून दोर जावा तसा. दोन डोळ्यांचे मिळून हे बारा दोर मेंदू तीन जोड्या नसांनी एकदम हालवतो, आणि तेही असे, की दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखले जावेत. यातला एखादा दोर अधिक ओढला गेला, सैल पडला, किंवा मेंदूकडचा हिशेबच जुळला नाही, तर डोळा तिरळा होतो.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक तिरळा झाला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. तो हैराण होतो आणि धावत डॉक्टरकडे जातो. त्याने जावेच, कारण त्यामागे मधुमेह, रक्तदाब किंवा मेंदूतला एखादा विकार असू शकतो. लहान मूल मात्र तक्रार करीत नाही. त्याचा कोवळा मेंदू दोन चित्रांपैकी एक चित्र सरळ पुसून टाकतो. मूल सुखात असते, आईबाप निर्धास्त असतात, आणि पुसल्या गेलेल्या डोळ्याची नजर महिन्यामहिन्याने मंदावत जाते. डोळ्यात दोष काही नसतो. मेंदूने त्याचे ऐकणे सोडलेले असते. हे ऐकणे पुन्हा सुरू करता येते, पण त्याचे वय असते. सात-आठ वर्षांपर्यंत ते चांगले साधते, पुढे कठीण होत जाते. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून या मुदतीचे कोडे बरेच उलगडले, आणि 1981 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चांगला डोळा झाकून दुर्बळ डोळ्याला कामाला लावण्याची युक्ती त्याहून फार जुनी. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती 1743 मध्येच सांगितली होती.

आता शस्त्राची गोष्ट. अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा एक इंग्रज नेत्रवैद्य गावोगाव हिंडत तिरळेपणा बरा करण्याची जाहिरात करी. विख्यात संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर 1750 मध्ये शस्त्र चालवले ते यानेच, आणि बाखची दृष्टी गेली. अशा माणसांमुळे या शस्त्रक्रियेचे नाव बराच काळ बदनाम होते.

खरी सुरुवात झाली ती पायापासून! जन्मतः वाकडे असलेले पाऊल त्याचा आखडलेला स्नायुबंध कापून सरळ करता येते, हे हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर याने दाखवले होते. हाच न्याय डोळ्याला लावावा, असे त्याने 1838 मध्ये सुचवले. स्वतः मात्र प्रेतावरच करून पाहिले. पुढच्या वर्षी, 26 ऑक्टोबर 1839 रोजी, बर्लिनमध्ये डीफेनबाख याने सात वर्षांच्या एका मुलाचा आतल्या बाजूचा स्नायू कापला. ईथरची भूल जगाला माहीत व्हायला अजून सात वर्षे होती, हे ध्यानात घ्यावे. डोळा सरळ झाला आणि युरोपभर या शस्त्रक्रियेची लाटच आली. पण लाट ओसरताच दिसले ते वेगळेच. पार कापलेला स्नायू मागे खोबणीत सरकून जाई, त्याच्यावर कोणाचा ताबा उरत नसे, आणि नाकाकडे पाहणारा डोळा काही काळाने कानाकडे पाहू लागे. रोग गेला नव्हता, त्याने दिशा बदलली होती. डीफेनबाखला आम्ही दोष देत नाही. कापायचे धैर्य त्याने दाखवले, मोजायचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

पुढे बर्लिनच्याच फॉन ग्रेफ याने स्नायू मध्येच न कापता डोळ्याला चिकटतो तेथून सोडवण्याची पद्धत रूढ केली, आणि 1922 मध्ये अमेरिकेतील जेमिसन याने सुटलेला स्नायू मोजून मागे नेऊन टाक्याने पक्का करण्याची रीत वर्णिली. आजची शस्त्रक्रिया याच पायावर उभी आहे. जोरदार स्नायू मागे नेऊन शिवायचा, दुबळा थोडा कापून आखूड करायचा. आतला स्नायू बुबुळाच्या कडेपासून सुमारे साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. तो एक मिलिमीटर मागे नेला की डोळा साधारण दीड-दोन अंश वळतो. सगळा खेळ या मिलिमीटरांचा. टाका जेथे घालायचा तेथे डोळ्याचे पांढरे कवच जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड असते. सुई त्याच्या आरपार न जाता आतल्या आत फिरवावी लागते. स्नायू ओढला की कधी कधी हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष सतत तिकडे असते. ओढ सैल केली की ठोके पूर्ववत होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोळा बाहेर काढून बशीत ठेवतात आणि पुन्हा बसवतात, असे पुष्कळांना वाटते. तसे काहीही होत नाही. डोळा जागचा हालत नाही. पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण थोडे उघडून सारे काम होते. टाके विरघळतात, लाली काही आठवड्यांत जाते. मात्र एकाच वेळेला नेम बसेलच असे नाही, काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, हेही आधीच सांगितलेले बरे. मोठ्या वयात केल्यास गेलेली नजर परत येत नाही, पण डोळे सरळ होतात. त्याला कोणी 'नुसती सौंदर्याची हौस' म्हणतात. वधूपरीक्षेत मान खाली घालून बसलेल्या मुलीला ते विचारून पाहावे.

प्रत्येक तिरळ्या डोळ्याला शस्त्र लागते असेही नाही. दूरदृष्टीचा मोठा नंबर असलेली मुले जवळचे पाहण्यासाठी जोर लावतात आणि त्या जोराबरोबर डोळे आत वळतात. उत्रेख्टच्या डोन्डर्स याने 1864 च्या ग्रंथात हे स्पष्ट केले. अशा मुलाला चष्मा लावला की डोळे सरळ! आणि एक इशारा : तिरळेपणाबरोबर बाहुलीत पांढरी झाक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवावे. डोळ्याच्या आतली गाठ असू शकते, आणि तेथे प्रश्न नजरेचाच नव्हे, जिवाचा असतो.

कधी स्नायू निर्दोष असतो, बिघाड असतो तो खोबणीत. हाडांची ही पोकळी मोठ्या माणसात सुमारे तीस मिलिलिटरची. तिचा तळ कागदासारखा पातळ. क्रिकेटचा चेंडू किंवा ठोसा बसला की तळ खाली फुटतो आणि स्नायू त्या भेगेत अडकतो. मुलांचे हाड लवचीक. ते फटीसारखे उघडून पुन्हा मिटते आणि स्नायूला चिमटा बसतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, पण मुलाला वर पाहता येत नाही, उलट्या होतात. डोक्याला मार लागला असे समजून दिवस गेले तर स्नायू मरतो; एक-दोन दिवसांत सोडवला तर वाचतो. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या विकारात याच्या उलट होते. स्नायू व चरबी सुजतात, पोकळी अपुरी पडते, डोळे पुढे येतात, प्रसंगी नस दबते. अशा वेळी खोबणीची एखादी भिंत काढून जागा करून देतात. क्रम ठरलेला : आधी खोबण, मग स्नायू, शेवटी पापण्या. क्रम चुकला तर आधीचे काम वाया जाते. या रोग्यांनी तंबाखू ओढणे सोडले नाही तर आजार बळावतो, हे सांगायला आम्ही कधी विसरत नाही.

मुलांकडे पुन्हा वळू. शस्त्रक्रिया एका दिवसाची. पट्टीचे काम महिनोन् महिन्यांचे. चांगला डोळा दिवसातून दोन ते सहा तास झाकायचा, आणि नेमके तेव्हाच मुलाला धड दिसत नाही. ते रडते, पट्टी ओरबाडते, आणि घरातल्या कोणाला तरी दया येते. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी यावर स्वतःचाच उपाय काढला होता. नातीला पट्टी लावली की त्या आपल्याही डोळ्याला तशीच पट्टी लावीत आणि दोघी ओट्यावर तांदूळ निवडायला बसत. कोणाच्या ताटात खडे जास्त राहिले ते मग आई पाही. पहिले दोन महिने आजी जिंकत होत्या. चौथ्या महिन्यात त्या तपासणीला आल्या तेव्हा पोर हसत होती आणि आजी विचारीत होत्या, "डॉक्टर, आता माझा मोतीबिंदू कधी काढता?"