मेसचा भात, पिल्लांची पेज

हैदराबाद, पहाटे 5:15. फीवर हॉस्पिटलकडून नल्लकुंट्याच्या भाजीबाजाराकडे येताना विद्यार्थ्यांच्या मेस लागतात. मागच्या दाराशी तीनचाकी ट्रॉली उभी आहे. डुकरं पाळणारे अण्णा ड्रमचं झाकण काढून आधी वास घेतात. रात्रीचा भात एका ड्रमात, सांबार-रस्सा दुसऱ्यात. भात वेगळा ठेवायची सवय त्यांनी मेसच्या पोरांना लावली आहे. त्याबद्दल ते दर मेसला महिन्याला 300 रुपये देतात.

6:20. बेकरी. तुटकी बिस्किटं आणि टोस्टचा चुरा, 12 रुपये किलो. बुरशीचा डाग दिसला की अण्णा गोणी परत करतात.

7:40. विद्यानगर, रामंतापूर, उप्पल मागे टाकून घटकेसरच्या बाजूला पत्र्याची शेड. कोपऱ्यातल्या खणात डुकराची 14 पिल्लं, सहा आठवड्यांची. कालच आईपासून तोडलेली. एकमेकांना चिकटून पडली आहेत.

8:15. दिवसातलं सगळ्यात किचकट काम. अण्णांसोबत शेड सांभाळणाऱ्या अक्का ताडपत्रीवर भात पसरतात आणि बोटांनी चिवडत पुढे सरकतात. टूथपिक, रबरबँड, दुधाच्या पिशवीचा कोपरा, लिंबाची फोड, कोंबडीचं हाड. एक काडी राहिली तर आतडं फाटेल, म्हणून पिल्लांचा वाटा त्या दोनदा बघतात. कंबर धरते, तेव्हा उभ्या राहून पाणी पितात, पुन्हा वाकतात. त्यांच्यासोबत एक मजूर बाई आहे, रोज 500 रुपये. माझ्या मते या शेडचा खरा खर्च इथेच होतो. भात जवळजवळ फुकट मिळतो, तो खाण्याजोगा करायला तीन तास लागतात.

9:30. चूल पेटते. सुताराकडची ढलपी, पोतं 80 रुपये. सगळं उष्टं अर्धा तास खळखळून उकळतं. 2020मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांना त्यावर औषध नाही. मांसाच्या उष्ट्यातून तो पसरतो, म्हणून अण्णा उकळण्यात घाई करत नाहीत.

11:00. पिल्लांची पेज. भात घोटून पातळ केलेला, त्यात बिस्किटाचा चुरा, सोयापेंड, थोडी दूधपावडर. दुधातली साखर पचवायची ताकद पिल्लाच्या आतड्यात जन्मतःच असते. पिठूळ अन्न पचवायची हळूहळू येते. कच्चा मका तसाच खाली उतरतो, आतड्यात आंबतो आणि हगवण लागते. शिजलेल्या भाताचं तसं होत नाही, तो लवकर पचतो. अण्णा थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा घालतात. सांबार पिल्लांना अजिबात नाही. त्यात मीठ फार, आणि पाणी कमी पडलं तर मीठ बाधतं. पाण्याचं भांडं अक्का दर खेपेला हात घालून तपासतात.

1:30. जेवण. मग वही. डिझेल 350, ढलपी 80, मजुरी 500, दूधपावडर वेगळी. मका 25 रुपये किलो, तो फक्त मोठ्या डुकरांना, भरडून.

4:00. खण धुण्याआधी अण्णा शेण बघतात. एका पिल्लाचं पातळ आहे. त्याला वेगळं काढलं, बिस्किट बंद, पाण्यात ओआरएस. "उद्या सकाळी बघू," अक्का म्हणतात.

7:10. मेसवाल्याचा फोन. परीक्षा संपल्या, पोरं गावी निघाली, उद्यापासून भात निम्माच. अण्णा वाटेतल्या किराणा दुकानातून 5 किलो कणी घेतात, 28 रुपयांनी. 140 रुपये वहीत चढतात. पिल्लांना पुरेल. मोठ्यांसाठी उद्या भाजीबाजारात कुजायला आलेली रताळी विचारायची.