वस्तीचे छायाचित्र पुरावा केव्हा ठरते? : शीवच्या निमित्ताने

शीव या शब्दाचा अर्थच मुळी सीमा. मुंबई बेट येथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टीचा मुलूख सुरू होई. जेराल्ड ऑंजिअर याच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १६६९ ते १६७७ या वर्षांत, येथील टेकडीवर किल्ला उभारला गेला, तो या सीमेच्या राखणीसाठीच. शीवला छायाचित्रे काढण्यास येणाऱ्याची पावले साहजिकच या किल्ल्याकडे वळतात. परंतु वस्तीच्या अभ्यासकाची अधिक निकडीची सामग्री खालच्या रस्त्यांवर आहे. किल्ल्याची नोंद वारसा-वास्तू म्हणून झालेली आहे. रस्त्यांवरील बहुतेक घरांची तशी झालेली नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दादर, माटुंगा व शीव या भागांत नव्या वस्त्यांची आखणी केली. शीवच्या पत्त्यांत आढळणारे ‘स्कीम ६’ हे शब्द आणि केवळ क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते ही त्या आखणीचीच खूण होय. पुढे या भागातील भूखंडांवर आर्ट डेको वळणाच्या काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या : गोलाई दिलेले कोपरे, आडव्या पट्ट्यांच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला. तथापि त्या क्षेत्राची मर्यादा दक्षिण मुंबईपुरतीच आहे. शीव-माटुंग्याच्या इमारती त्याबाहेर राहिल्या आणि पुनर्विकासात त्या एकामागून एक जात आहेत. शीव स्थानकालगतचा १९१२ सालचा पूलही २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या बांधणीसाठी वाहतुकीस बंद करण्यात आला. अशा वेळी छायाचित्र हे शोभेचे साधन न राहता एकमेव पुरावा ठरण्याचा संभव असतो.

या कामाला एक बोधप्रद पूर्वोदाहरण आहे. ग्लासगो शहरातील दाट वस्ती पाडण्यापूर्वी तेथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने थॉमस ॲनन याच्याकडून तिची छायाचित्रे काढवून घेतली. ही मुख्यतः १८६८ ते १८७१ या काळातील होत. त्यांतील भिंतींचा दगड न् दगड स्पष्ट आहे. परंतु प्रकाशनाचा अवधी दीर्घ असल्यामुळे जी माणसे हलली त्यांचे केवळ धूसर ठसे उरले. त्या काळी ही यंत्राची मर्यादा होती. आज ती उरलेली नाही. मात्र रस्ता निर्मनुष्य होण्याची वाट पाहून ‘शुद्ध वास्तू’ टिपण्याची सवय उरली आहे. अभ्यासकाने ती टाळावी. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, फाटकाशी बसलेला इस्त्रीवाला, तळमजल्याच्या खोलीतून झालेले दुकान, यांवाचून वास्तूचा वापर कळत नाही.

आता तंत्राकडे वळू. मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. त्या वेळी दक्षिणाभिमुख भिंतीवर एक मीटर पुढे आलेल्या छज्ज्याची सावली सुमारे १.१ मीटर पडते आणि छज्ज्यांच्या आडव्या रेषा उठून दिसतात. एप्रिलच्या मध्यास तीच सावली सहा मीटरांपर्यंत उतरते व जवळजवळ दोन मजले झाकोळून टाकते. साधारण १५ मे ते २८ जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असल्याने या भिंतीवर ऊन पडतच नाही. यास्तव दक्षिणाभिमुख दर्शनी भागासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. उत्तराभिमुख भिंतींवर त्याच काळात मिळणारा सावलीतील सम प्रकाश बारकाव्यांना अनुकूल असतो.

दुसरी अडचण रुंदीची. समजा, रस्ता १२ मीटर रुंद व इमारत १५ मीटर उंच आहे. समोरच्या पदपथावरून गच्ची चित्रात आणण्यासाठी यंत्र वर कलवावे लागते आणि मग उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. अशा चित्रावरून खिडक्यांची प्रमाणे सरळ मोजता येत नाहीत. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मात्र यंत्र कलवल्याशिवायच, रुंद कोनाच्या भिंगाने, तळापासून कठड्यापर्यंतचा भाग सामावता येतो. त्यासाठी कोणाच्या तरी घरात जावे लागते, परवानगी मागावी लागते, कामाचा हेतू सांगावा लागतो. ही तंत्राची गरज अभ्यासाच्या पथ्यावरच पडते. गॅलरी कोणत्या वर्षी बंदिस्त केली आणि कोणासाठी, हे त्या घरातच कळते. रस्त्यावरून कळत नाही.

रस्त्यावरील व्यवहारासाठी सुटी, आकर्षक चित्रे अपुरी होत. एक ठिकाण निश्चित करून तेथूनच सकाळी, दुपारी, संध्याकाळी व रात्री, कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी, त्याच भिंगाने चित्रे घ्यावीत. पदपथाचा कोणता भाग कोणाच्या वापरात केव्हा असतो, हे अशा मालिकेतूनच दिसते. प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा, दिशा व भिंगाचे नाभ्यंतर टिपावे. या नोंदींमुळे उद्याच्या अभ्यासकाला त्याच जागी पुन्हा उभे राहता येईल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पदपथावर पोट भरणाऱ्याचे छायाचित्र त्याच्याविरुद्धचा पुरावाही होऊ शकते. म्हणून त्याची संमती घ्यावी. संमती नसेल तेथे चेहरा ओळखू न येईल असे अंतर ठेवावे किंवा केवळ लेखी नोंद करावी.

इमारत पाडली जाते त्या दिवशी तिच्या समोरची ती गॅलरीही कदाचित उरलेली नसते. म्हणून वस्तीचे छायाचित्रण पाडकामाची सूचना लागल्यावर आरंभावयाचे काम नव्हे. वस्ती नांदती असताना, ऋतू व प्रहर पाहून, वर्षभर करावयाचा तो अभ्यास आहे.