६७९ किलोमीटर कुणाचे? एक गाडी, दोन घरं आणि एक रिसर्च क्वेश्चन

२७ नोव्हेंबर २०२५ला महिंद्राने एक्सईव्ही ९एस ही सात सीटची इलेक्ट्रिक एसयूव्ही जाहीर केली आणि आठवड्याभरात तिचे व्हिडिओ मला दोन घरांतून आले. एक आगाशीच्या काकांकडून, दुसरा नालासोपारा पूर्वेच्या मामाकडून. तेव्हा गाडी हातात पडायला अजून वेळ होता, बुकिंगच जानेवारी २०२६मध्ये सुरू होणार होतं. पण दोघांचा प्रश्न जवळपास सारखाच: "तू पीएचडी करतेस ना, मग सांग बघू, ही गाडी प्रॅक्टिकल आहे का?"

माझा विषय थिन फिल्म्सचा. गाड्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण किंमत तेव्हा १९.९५ लाखांपासून सुरू होत होती आणि मामा त्यासाठी एफडी मोडायच्या विचारात होता. त्यामुळे हसण्यावारी नेता येईना.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आपणही पहिल्या मसुद्यात "परिणामकारकता तपासणे", "उपयुक्तता अभ्यासणे" असं बिनधास्त लिहितो. माझ्या गाईडने अशा शब्दाभोवती लाल गोल करून बाजूला दोनच शब्द लिहिले होते: कशाने मोजणार? "प्रॅक्टिकल"भोवती मी तोच गोल काढला.

सुरुवात केली सगळ्यात मोठ्या आकड्यापासून. ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर ६७९ किलोमीटर. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट, म्हणून पुढे युनिटच म्हणते. ७९ भागिले ६७९, म्हणजे किलोमीटरला ०.११६ युनिट. हा आकडा एमआयडीसी चाचणीतला आहे (तारापूरची एमआयडीसी नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल). गाडी प्रयोगशाळेत रोलर्सवर ठरलेल्या वेगांनी पळवतात, वेग ताशी ९०च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो.

मामा म्हणाला, "म्हणजे फसवतात." मला आधी तसंच वाटलं होतं. मग बारावीच्या फिजिक्सवर एक गणित मांडलं. माणसांसकट वजन २४०० किलो, रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१, हवेच्या अवरोधासाठी आकार गुणिले क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर, बॅटरीपासून चाकापर्यंत कार्यक्षमता ८५ टक्के. ही सगळी माझी गृहीतकं आहेत, कंपनीची नव्हेत. टायरचा अवरोध येतो साधारण २३५ न्यूटन आणि तो वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा अवरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ५०ला ८९ न्यूटन, १००ला ३५५. म्हणजे ताशी ५०ने, एसी बंद ठेवून, किलोमीटरला ०.१०६ युनिट लागतात. कंपनीच्या ०.११६च्या अगदी शेजारी! आकडा खोटा नाही. तो एका वेगळ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पेपर वाचताना ही सवय लावून घ्या. निष्कर्ष पटला नाही की लगेच लेखकाला खोटं ठरवू नका, त्याने नेमकं काय मोजलं ते आधी मेथड्समध्ये शोधा.

आता आपल्या रस्त्यावर या. विरार फाट्यावरून अहमदाबादच्या दिशेने ताशी १००ने निघालात, एसी २ किलोवॅट खातोय असं धरलं, तर खर्च ०.२१ युनिट. पूर्ण बॅटरीत ३७० किलोमीटरच्या आसपास. उलट दिशेला वर्सोवा पुलाकडे ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि वेग ताशी १०वर आला, तर एसीचेच किलोमीटरला ०.२ युनिट होतात आणि गाडी हलवायला त्याच्या निम्मेसुद्धा लागत नाहीत. मला हे गणित करेपर्यंत सुचलंच नव्हतं. पेट्रोल गाडीच्या सवयीमुळे आपण खर्च किलोमीटरमध्ये मोजतो, पण एसी चालतो तासांवर. म्हणजे अंतराइतकाच वेळ हासुद्धा व्हेरिएबल आहे, आणि तो माझ्या पहिल्या तक्त्यात नव्हताच.

मामाची खरी भीती गणपतीची होती. गाव चिपळूणजवळ, नालासोपाऱ्याहून २८० किलोमीटर धरा. गर्दीत १२ तास लागले, तर गाडी हलवायला ०.१२च्या दराने ३४ युनिट आणि एसीला २४, मिळून ५८. ७९मधून २१ उरतात. एसी १ किलोवॅटच धरला तर ३३ उरतात. एका गृहीतकाने उत्तर एवढं हलत असेल तर ते लपवू नका, दोन्ही आकडे लिहा. दोन्ही बाबतींत गाडी चिपळूणला पोचते. पण सात माणसं आणि त्यांचं सामान पोचेल का? डिकीचा ५२७ लिटरचा आकडा तिसरी रांग दुमडल्यावरचा आहे. पुढच्या बॉनेटखाली १५० लिटर मिळतात, पण सात जण बसवल्यावर मखर आणि शिध्याच्या पिशव्या कुठे ठेवणार, हे मामीने विचारलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथपर्यंत दोन्ही घरांचं उत्तर एकच होतं. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे विचारलं आणि रस्ते वेगळे झाले.

आगाशीला काकांचं वाडीतलं घर, अंगण आहे, मीटर स्वतःचा. ते वसईला जाऊन-येऊन दिवसाला चाळीसेक किलोमीटर फिरतात. गल्लीबोळ आणि एसी धरून ०.१७चा दर लावला तर ७ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून ८. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे तीन तासांत काम झालं. बॅटरी पूर्ण भरायला त्याच सॉकेटवर दिवसाहून जास्त लागेल हे खरं, पण ती रोज रिकामी करतंय कोण? फक्त बिलाचं गणित जपून करायचं. महिन्याला ही २४० युनिटं आधीच्या वापराच्या वर चढतात आणि घरगुती वीज १००, ३०० अशा टप्प्यांनी महाग होत जाते. काकांनी एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर लावला होता. लावायला हवा वरच्या टप्प्याचा दर. सरासरी आणि सीमांत यातला हा गोंधळ मी सेमिनारमध्येसुद्धा पाहिलाय.

मामाची बिल्डिंग जुनी, पार्किंग नाही. आत्ताची गाडी रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार का? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना घरी चार्जिंग करू देतात, पण त्यासाठी आधी गाडीची स्वतःची जागा लागते. ताकदीच्या डीसी चार्जरवर २० ते ८० टक्के २० मिनिटांत, असं कंपनी सांगते. पण त्याला १८० किलोवॅटचा चार्जर हवा, तो मोकळा हवा आणि तिथवर जायला हवं. शिवाय मामा रोज लोकलनेच चर्चगेटला जातो. गाडी फिरणार रविवारी. वीज आणि पेट्रोल यांच्या दरातला फरक किलोमीटरमागे मिळतो. जो फिरतच नाही त्याची बचत कुठून होणार?

मामाने पाठवलेल्या सगळ्या रिव्ह्यूंत चार्जिंग हा प्रश्न दोन मिनिटांत संपतो. मी पाहिलेल्यांत जवळजवळ प्रत्येकाच्या मागे बंगल्याची भिंत आणि तिच्यावर चार्जर दिसतो. नालासोपाऱ्यात रस्त्यावर गाडी लावणारा माणूस त्या सॅम्पलमध्ये आलेलाच नाही.

म्हणजे काकांचं ठरलं? तसंही नाही. जुलै २०१८ आठवतोय ना? वसई-विरार पाण्यात, लोकल बंद, मिठागरांत माणसं अडकलेली, वीज गेलेली. काकांच्या अंगणातही पाणी होतं. बॅटरीच्या बाबतीत "आयपी ६७" हा शब्द आश्वासनासारखा वापरतात. त्या चाचणीचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि पाणी गोडं. आपल्याकडे भरतीच्या वेळी खाडीचं पाणी मिसळतं आणि ते तासन्‌तास हटत नाही. चाचणी पास झालेली वस्तू चाचणीबाहेरच्या परिस्थितीत काय करेल, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही. काकांना मी दोन कामं सांगितली आहेत: २०१८ची पाण्याची खूण भिंतीवर दाखवा, सॉकेट तिच्या बरंच वर बसवा. आणि पाणी चढायला लागलं की गाडी कुठल्या उंच जागी न्यायची ते आत्ताच ठरवा.

मामाला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. वाईट वाटलं. मग म्हणाला, मागच्या गल्लीत एकाचा मोकळा प्लॉट आहे, महिन्याच्या भाड्याने गाड्या लावू देतो. तो सब-मीटर बसवू देईल का, विचारून बघतो. प्रश्न आता विचारता येण्याइतका बारीक झाला होता. एफडी मार्चपर्यंत तशीच ठेवायची ठरलीय. काका शोरूममध्ये आजीला घेऊन जाणार आहेत, तिसऱ्या रांगेत तिचे गुडघे मावतात का ते बघायला.