पर्लचा अर्धविराम

संगणकाच्या भाषेलाही व्याकरण असते, आणि ते मानवी भाषेच्या व्याकरणापेक्षा पुष्कळच कठोर असते. पत्रातील एखादे विरामचिन्ह गळाले तरी वाचणाऱ्याचे अडत नाही, संगणकाचे अडते. भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली 'पर्ल' ही भाषाही याला अपवाद नाही.

समजा, उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या नोंदींमधून टहरौलीच्या पावसाची बेरीज करणारी छोटी आज्ञावली एखाद्या नवशिक्याने लिहिली. चौथ्या ओळीच्या अखेरीचा अर्धविराम राहून गेला. यंत्र मात्र पाचव्या ओळीवर बोट ठेवते. बिचारा नवशिका तीच ओळ पुनःपुन्हा तपासतो आणि तीत काहीच वावगे सापडत नाही. याचे कारण असे, की पर्लच्या लेखी ओळ संपणे म्हणजे केवळ मोकळी जागा होय. विधान संपल्याची खूण अर्धविरामच देतो. तो न मिळाल्यामुळे वाचन पुढे चालू राहते आणि पाचव्या ओळीतील पहिला शब्द अपुऱ्या विधानात बसेनासा झाला, की तेथे अडते. चूक उघडकीस येते ती जागा निराळी आणि ती घडते ती जागा निराळी. म्हणून शोध दाखविलेल्या ओळीपासून वरच्या दिशेने घ्यावा. महिरपी कंस मिटावयाचा राहिला, तर तक्रार थेट शेवटच्या ओळीवर येते! तक्रारी अनेक असल्या तरी आधी पहिलीच दूर करावी. उरलेल्या पुष्कळदा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

आज्ञावली न चालविता केवळ व्याकरण तपासून घेण्याची सोयही पर्लमध्ये आहे. पण व्याकरण शुद्ध ठरले म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नव्हे. संख्यांची तुलना करताना पर्लमध्ये दोन बरोबर-चिन्हे लागतात. शब्दांच्या तुलनेसाठी 'ईक्यू' हे वेगळे चिन्ह आहे. नवशिक्याने गावांच्या नावांमध्ये दोन बरोबर-चिन्हे घातली, तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही. मात्र पर्ल त्या नावांना संख्या मानू पाहते आणि त्यांत अंक नसल्यामुळे दोन्हींची किंमत शून्य धरते. शून्य आणि शून्य सारखेच. तेव्हा टहरौली आणि झाशी ही एकच गावे ठरतात व दोन्हींचा पाऊस एकाच बेरजेत जमा होतो. आज्ञावलीच्या आरंभी 'यूज वॉर्निंग्ज' असे लिहिलेले असेल, तर तुलनेला दिलेला शब्द संख्या नाही, एवढा इशारा तरी मिळतो.