पायथन एरर न दाखवताच कोसळतो तेव्हा

पायथनमध्ये फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिलं, की साधारण १००० पातळ्यांवर रिकर्शन एरर येतो. मग बरेच जण ही मर्यादाच लाखावर नेतात (नेटवरचा लाडका सल्ला!) आणि जुन्या आवृत्त्यांत सेगमेंटेशन फॉल्ट ओढवून घेतात. इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला. लिनक्सवर त्याच्या मुख्य थ्रेडला स्टॅक मिळतो सहसा ८ एमबी. मर्यादेचा आकडा वाढवल्याने हा स्टॅक काही वाढत नाही, आणि कॉलनी तो भरला की प्रोग्राम कोसळतो. जीडीबी या डिबगरमध्ये बॅकट्रेस काढा, तीच दोन-तीन सी फंक्शनं हजारो वेळा दिसतील. चक्र कुठे सुरू झालं ते तळाशी सापडतं. बॅकट्रेसला उणे २० दिलं की थेट तळच दिसतो. पण २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून साध्या पायथन कॉलना सी स्टॅक लागत नाही. सॉर्टला दिलेलं की-फंक्शन मात्र सीमधूनच फिरून येतं, ते अजूनही स्टॅक खातं.