लसूण काढायचा कधी?



या पानांवर उसाशिवाय दुसरं काही येत नाही, अशी घरच्या मंडळींची तक्रार असते. ती खोटी नाही. म्हणून या खेपेला लसणाचं बोलू. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे थोडाफार लसूण असतोच. कुणाचा माळव्याच्या वाफ्यात, कुणाचा दंडाच्या कडेने, तर कुणाचा पूर्वहंगामी उसाच्या वरंब्याच्या बगलेला. लावताना सगळे मनापासून लावतात. घोटाळा होतो तो काढताना.

२०२४ च्या फेब्रुवारीत किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांच्या पुढे गेला होता, हे आपण विसरलेलो नाही. घरचा लसूण टिकला तर वर्षभराची फोडणी निघते आणि पुढच्या साली बेणंही विकत घ्यावं लागत नाही. लसणाची लागवड बी टाकून होत नाही, पाकळीच लावावी लागते. सलग एकराला जवळजवळ दोन क्विंटल पाकळ्या लागतात. तेव्हा गड्डा चार महिने टांगून टिकणारा निघाला की पोचट निघाला, यावर दोन वर्षांचा हिशेब अवलंबून असतो.

आमचंच सांगतो. एका वर्षी उसाच्या मोठ्या बांधणीला बैल मिळाले, ते पुन्हा मिळतील न मिळतील, म्हणून शंभराव्या दिवशीच लसूण उपटून घेतला. गड्डे दिसायला गोरेगोमटे, वजनाला भरपूर. जुड्या बांधून टांगल्या. ज्येष्ठात हात लावून पाहतो तर आत पाकळ्या सुकून सुपारीएवढ्या! ते वजन पाण्याचं होतं. आमच्या आईने त्या वर्षी आम्हाला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

आता दिवसांचं गणित. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही आपल्याकडची लावणीची वेळ. थंडीत पात वाढते, आणि माघात ऊन तापू लागलं, दिवस मोठा झाला की गड्डा भरतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची 'भीमा ओंकार' ही जात १२० ते १३५ दिवसांत तयार होते; 'भीमा पर्पल'लाही तेवढेच दिवस लागतात. गावरान लसूण साधारण याच बेतात, म्हणजे महाशिवरात्रीपासून होळीच्या पुढे-मागे येतो. पण दिवस मोजणं ही फक्त सावध होण्याची खूण. डिसेंबरात लावलेला लसूण उन्हाच्या तडाख्याने लवकर पिवळा पडतो आणि गड्डा लहानच राहतो. त्याला कितीही दिवस ठेवलं तरी तो वाढत नाही.

खरी खूण पातीत असते. लसणाचं प्रत्येक पान खाली जाऊन गड्ड्याभोवती एक पापुद्रा होतं. पान वाळलं की त्याचा पापुद्राही कागदासारखा होतो, आणि जमिनीत राहिला तर कुजतो. म्हणून सगळी पात वाळेपर्यंत थांबलं तर गड्ड्याच्या अंगावर कपडाच उरत नाही. पाकळ्या सुट्या होतात, गड्डा उमलतो, भेगांत माती शिरते. असा लसूण उपटताना निम्म्या कुड्या जमिनीतच राहतात. खालची तीन-चार पानं वाळली, वरची चार-पाच अजून हिरवट आहेत, मान मऊ पडून पात कलायला लागली, ही वेळ बरोबर.

पण पिवळेपणा फसवतो, बरं का. पक्वतेचं पिवळेपण खालच्या पानाच्या शेंड्यापासून निघतं आणि क्रमाने वर चढतं. मधल्या पानांवर जांभळट, लांबट डाग असतील तर तो करपा आहे. पानं चंदेरी होऊन मुरडली असतील तर फुलकिडे आहेत. सगळ्याच पानांचे शेंडे एकदम करपले तर पाणी तरी तुटलंय, नाहीतर साचलंय. या तिन्ही प्रकारांत लसूण पिकला असं समजून उपटणारे दरवर्षी भेटतात. त्यापेक्षा वाफ्याच्या मधून आणि कडेने मिळून चार-पाच झाडं खुरप्याने उकरावीत आणि गड्डा आडवा कापावा. पाकळ्या एकमेकींपासून स्पष्ट सुट्या दिसल्या, सालीला टेकून गच्च भरल्या आणि साल पातळ झाली की झालं. साल जाड, ओलसर आणि पाकळ्यांमधली रेघ पुसट असेल तर आठ दिवस थांबावं. कापलेले गड्डे त्या दिवशीच्या ठेच्यात जातात, नुकसान काही नाही.

उसातल्या लसणाची अडचण निराळी आहे. काढणीआधी दहा-पंधरा दिवस लसणाचं पाणी तोडावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच उसाला पाणी हवं असतं. दारं धरणारा माणूस उसाकडे बघतो, लसणाकडे नाही. आमचं मत असं, की भारी काळ्या रानात एक पाळी लांबवावी. चार महिन्यांचा ऊस तेवढ्याने मरत नाही. हलक्या रानात मात्र हा हट्ट धरू नये. तिथे लसूण चार दिवस आधी काढून सावलीत जास्त वाळवावा. युरियाचंही तेच. बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान उसाला द्यायचा छोटा हप्ता लसणाच्या बुडाशी पडला, की पिकत आलेलं झाड पुन्हा हिरवं होतं आणि गड्ड्याला बाजूने कोंब फुटतात. तो हप्ता लसूण निघाल्यावर द्यावा, आणि मग खुशाल बांधणी करावी.

काळी जमीन पाणी तोडल्यावर दगडासारखी आवळते. अशा वेळी पात धरून ओढलं की मान तुटते आणि मान तुटलेला लसूण टिकत नाही. वाफसा संपायच्या आत बाजूने खुरपं किंवा कुदळी घालून उचलावा. माती हाताने झटकावी. गड्डे एकमेकांवर आपटू नयेत, पाण्याने तर मुळीच धुऊ नयेत. रानात दोन-तीन दिवस ठेवायचा तर एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असा पसरावा. आपल्याकडचं मार्चचं ऊन उघड्या गड्ड्याला भाजून काढतं.

आभाळ आलं तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवावं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. लसूण पंधरा आणे तयार असेल आणि पावसाचा अंदाज असेल तर काढून पातीसकट आत घ्यावा. अगदीच कोवळा असेल तर राहू द्यावा. पात फाटली तरी गड्डा जमिनीत असतो, फक्त नंतर पाणी साचू देऊ नये.

घरी आणल्यावर दहा-पंधरा दिवस हवेशीर सावलीत, मान चिमटीत धरली तर ओल लागू नये इतका वाळवावा. मग पातीच्या वेण्या घालून माळवदाच्या तुळईला टांगाव्यात. पोत्यात कोंबू नये. बेण्यासाठी मोठे, घट्ट, न उमललेले गड्डे तेव्हाच निवडावेत. लावताना त्यांच्या बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या घ्याव्यात, आतल्या बारीक काड्या स्वयंपाकाला. बेण्याच्या वेणीला लाल सुतळी बांधून ती उंच टांगावी, म्हणजे घाईच्या वेळी फोडणीसाठी हात तिकडे जात नाही.