कापलेल्या ४१३ रुपयांची गोष्ट

पैशाच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीय माणसे काही कमी चिकित्सक नसतो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करतो, वाण्याच्या बिलाची बेरीज घरी येऊन पुन्हा तपासतो, आणि सुटे नाहीत म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला दोन शब्द सुनावल्यावाचून खाली उतरत नाही. पण हीच माणसे बँकेच्या काचेच्या दारातून आत गेली की त्यांचा आवाज एकदम खाली येतो. पासबुकात चारशे रुपये वजा झालेले दिसले तरी, "असेल काहीतरी नियम," असे म्हणून पासबुक मिटून टाकतात. या भिडेची किंमत काय होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

मी कबनूरचा. इचलकरंजी कुठे संपते आणि कबनूर कुठे सुरू होते, हे परक्या माणसाला सांगितल्याखेरीज कळायचे नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्याचा खडखडाट पुढे भोवतालच्या गावांतही शिरला. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली कितीतरी मुले मागावर उभ्या राहणाऱ्या माणसांची आहेत.

त्यांतलीच एक मुलगी मध्यंतरी पासबुक घेऊन माझ्याकडे आली. शिष्यवृत्तीतून उरलेले १,८६० रुपये तिने परीक्षेच्या फीसाठी खात्यात जपून ठेवले होते. फी भरायला गेली तर खात्यात उरले होते १,०३४. तेवढ्यात फी भागेना. पासबुकात दोन ठिकाणी ४१३ रुपये वजा दिसत होते. समोर इंग्रजी अक्षरांचे एक कडबोळे, ज्याचा उलगडा मराठीच्या प्राध्यापकालाच काय, इंग्रजीच्या प्राध्यापकालाही होऊ नये.

शाखेत चौकशी केल्यावर अर्थ लागला. खात्यात तिमाहीला सरासरी २,००० रुपये हवेत. हिचे १,८६० होते, म्हणजे १४० कमी. त्याबद्दल आकार ३५० रुपये, त्यावर १८ टक्के कर ६३ रुपये, मिळून ४१३. आता मौज पाहा. हे पैसे कापल्यामुळे शिल्लक आणखी खाली गेली, म्हणून पुढच्या तिमाहीत पुन्हा ४१३! दंडाच्या पोटी दंड जन्माला आला.

"सर, हे आम्ही कापत नाही हो, सिस्टीम कापते," अधिकारी अगदी सौजन्याने म्हणाले. पूर्वी दैव नावाची एक सोय होती. हल्ली सिस्टीम आहे.

मुलीच्या वडिलांना या भानगडीत पडायचे नव्हते. "जाऊ द्या की सर, बँकंशी कशाला वाकडं घ्यायचं?" असे म्हणाले खरे, पण थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमचा मालकबी पैसं कापतो, पर कापडाचा डाग दावून कापतो. हितं डागबी दावत न्हाईत."

त्या एका वाक्यात सारा मुद्दा आला होता. बँकेने आकार घेऊच नये, असे कोणी म्हणत नाही. पण डाग आधी दाखवायला हवा. आणि गंमत अशी, की रिझर्व्ह बँकेचे म्हणणेही नेमके तेच आहे. २० नोव्हेंबर २०१४ रोजी तिने व्यापारी बँकांना सूचना दिल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून त्या लागू झाल्या. किमान शिल्लक कमी झाली तर खातेदाराला संदेशाने, ई-मेलने किंवा पत्राने तसे स्पष्ट कळवावे. शिल्लक पूर्ववत करायला एक महिन्याची मुदत द्यावी. आकार कमतरतेच्या प्रमाणात असावा. आणि केवळ अशा आकारामुळे खाते शून्याच्या खाली जाऊ नये. वडिलांच्या एका वाक्याचाच हा सरकारी अनुवाद!

मग आम्ही अर्ज लिहायला बसलो. पत्रलेखन शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की, तक्रारीच्या पत्रात विशेषणे काढावीत आणि तारखा घालाव्यात. "घोर अन्याय", "भरमसाट लूट" हे शब्द तिने खोडले. राहिले तीन प्रश्न. शिल्लक कमी झाल्याची सूचना आपण कोणत्या तारखेला पाठवलीत? त्यानंतर महिन्याची मुदत दिलीत काय? १४० रुपयांच्या कमतरतेला ३५० रुपये आकार कोणत्या प्रमाणात बसतो? अर्ज दोन प्रतींत केला आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतली. ही पोच म्हणजे अर्जाचा प्राण. पोचेशिवाय दिलेला अर्ज पंचगंगेत सोडलेल्या दिव्यासारखा. दिसतो सुंदर, पण कुठे जातो कोण जाणे.

बारा दिवसांनी उत्तर आले, "आकारणी बँकेच्या नियमानुसार योग्य आहे." तिन्ही प्रश्नांपैकी एकालाही त्यात हात लावलेला नव्हता. तेच प्रश्न पोचेच्या नकलेसह बँकेच्या मुख्य कार्यालयातील तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे गेले. आणखी चोवीस दिवसांनी खात्यात ८२६ रुपये जमा झाले. दिलगिरीचा शब्द नाही, खुलासा नाही. पण रक्कम पुरती. मधल्या काळात फीचा भरणा वडिलांनी आठवड्याच्या पगारातून उसनवार करून केला होता, तो फिटला.

८२६ रुपयांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. तर थोडे मोठे आकडे पाहा. २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत किमान शिल्लक नसल्याबद्दल एकट्या स्टेट बँकेने १,७७१ कोटी रुपये जमा केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला तिचा नफा सुमारे १,५८२ कोटी होता. हे आकडे बाहेर आल्यावर बोभाटा झाला, एप्रिल २०१८ पासून आकार पुष्कळ खाली आला, आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने बचत खात्यांवरची ही अटच काढून टाकली. २०२५ साली आणखी काही सरकारी बँका त्याच वाटेने गेल्या. बोलल्याने हालते ते असे.

मुंबईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी तर हा विषय वर्षानुवर्षे धरून ठेवला. गरिबांच्या बेसिक बचत खात्यातून महिन्यात चारहून अधिक वेळा पैसे गेले की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे, असा स्टेट बँकेचा आकार होता. डिजिटल व्यवहारही त्यातून सुटत नव्हते. दास यांनी त्याचा हिशेब मांडून दाखवला. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सर्व बँकांना सांगितले की, रुपे कार्ड व यूपीआय यांसारख्या ठरावीक डिजिटल मार्गांवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले आकार परत करा.

वाचकहो, बँकेकडे दाद लागली नाही तरी पुढे दार आहे. बँकांसाठी लोकपाल १९९५ पासून आहे. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी निरनिराळ्या योजना एकत्र करून रिझर्व्ह बँकेने एकच एकात्मिक योजना केली. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर तिच्याकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाचे दार ठोठवावे लागते. आणि ज्या घरात दोन हजार रुपये कायम अडकवून ठेवणे परवडत नाही, त्यांनी बँकेत बेसिक बचत खाते मागावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०१२ च्या सूचनांपासून या खात्याला किमान शिल्लकेची अटच नाही. चालू बचत खातेही अर्ज करून तसे करून घेता येते. त्या मुलीने तेच केले.

आता तिच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी आपापली पासबुके घेऊन तिच्या दाराशी बसतात. एकीचे कार्डाचे शुल्क निघते, एकीचे संदेशाचे. काही रास्त असतात, तेही ती तसे सांगते. शंका असेल तिथे अर्ज लिहून देते. परवा तिचा एक अर्ज पाहिला. विशेषण एकही नव्हते, तारखा चार होत्या, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: "पोच मिळावी."